कोरड्या हवेची तयारी

दर वर्षी मार्चच्या मध्यावर सुनंदा परबचा निरोप येतो. मजकूर ठरलेला असतो : "बॅग गच्चीवर टाकली आहे. दुपारपर्यंत ये." पूर्वी हा निरोप गॅलरीतून हाक मारून मिळे. मग फोनवर मिळू लागला, आता मोबाइलवर येतो.

अंधेरी पूर्वेला जिथे आमची चाळ होती तिथे आज सोळा मजली इमारत आहे. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सौर पत्रे आणि टॉवरच्या तारा आहेत. वाळवण घालणारी घरं दोनच उरली. त्यांच्या कुरडया आणि सांडग्यांच्या शेजारी, जुन्या सुती साडीवर एक फिकट राखाडी स्लीपिंग बॅग उलटी करून पसरलेली असते. नवा वॉचमन दर वर्षी विचारतो, ही गादी कोणाची. सुनंदा दर वर्षी सांगते, "गादी नाही रे, घर आहे ते."

बॅगेवर आडव्या शिवणींचे बावीस कप्पे आहेत. शिवण सगळीकडे सारख्या टाक्यांची आहे. फक्त पायाकडच्या दोन कप्प्यांवर टाका किंचित बारीक आहे. त्या दोन कप्प्यांपर्यंत पोहोचायला पंच्याऐंशी सालातला अख्खा उन्हाळा लागला.

त्या वर्षी जुलैमध्ये आम्ही तिघे हिमालयात एक लांबची वाट चालणार होतो. मनालीच्या पुढे दारचा गावातून निघायचं, सोळा हजार फुटांच्या वरची शिंगो ला नावाची खिंड ओलांडायची, आणि झांस्करमधून उतरत लामायुरूला पोहोचायचं. वीस-एकवीस दिवस. खिंडीवर जुलैतही बर्फ असतो. खिंडीपलीकडे पाऊस जवळजवळ नसतोच. झाड नाही, सावली नाही, उघडे डोंगर आणि वाळू. म्हणजे एकाच पाठपिशवीत बर्फाचीही तयारी हवी आणि वाळवंटाचीही. तिघांत सुनंदा सव्वीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात. बोरिवलीचा दिलीप, बँकेत कारकून. तिसरा मी, एका दैनिकात उपसंपादक. सह्याद्रीतले बहुतेक किल्ले आम्ही पाहिले होते. डोंगरावरचा बर्फ कोणीही पाहिला नव्हता. फ्रिजमधला धरला तर दिलीपने पाहिला होता. आमच्या दोघांच्या घरी फ्रिज नव्हता.

उपनगरातल्या माणसाला कोरडी हवा म्हणजे काय हे सांगून कळत नाही. अंधेरीत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागत. पापडाचा डबा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत पापड वाकत असे, मोडत नसे. काडेपेटी चुलीजवळच ठेवायची. मे महिन्यात आंघोळ करून टॉवेलने पुसलेली पाठ शर्टाची बटणं लावेपर्यंत पुन्हा ओली. ही आमची हवा होती आणि आम्ही तिला हवाच समजत होतो.

कोरडं राहणं म्हणजे काय हे पहिल्यांदा सांगितलं हवालदार कांबळे यांनी. ते सातारा भागातले. लष्करातून निवृत्त होऊन भांडुपला एका कारखान्यात सुरक्षारक्षकांचे प्रमुख होते. दोन हिवाळे त्यांनी लडाखमध्ये काढले होते. दिलीपच्या ओळखीने आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली घडी केलेली ब्लँकेटं, कडा जुळवलेल्या. चहा येण्याआधी त्यांनी डावा मोजा काढला आणि पाय पुढे केला. दोन बोटं नव्हती.

"बर्फानं नेली?" दिलीपने विचारलं.

"बर्फ कशाला नेतोय? घामानं नेली," ते म्हणाले. "दिसभर चाललो, मोजे भिजले आतून. रातीला बदलायचा कटाळा केला. सकाळी बोटं काळी. थंडी कोरड्या माणसाला शिवत न्हाई. तिला ओला माणूस लागतो."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. वही आजही आहे. वाक्याखाली रेघसुद्धा मारलेली आहे. नंतर मी जे केलं ते पाहता त्या रेघेचा उपयोग झाला नाही.

वाळवंटाची तयारी वर्सोव्याला झाली. एप्रिलचे चार रविवार, दुपारी बारा ते तीन. पाठीवर विटा भरलेली पिशवी, कोळीवाड्यापासून दक्षिणेकडे मऊ वाळूतून जायचं आणि परत. काठ्यांवर बोंबील वाळत असायचे, त्यांच्या रांगांमधून वारा यायचा, आणि शिधा वाटल्यासारखा प्रत्येकाच्या वाट्याला तो वास यायचा. कांबळे होडीच्या सावलीत घड्याळ धरून बसत. अर्ध्या तासाने शिट्टी वाजली की दोन घोट पाणी. तहान असो वा नसो. मधे तहान लागली तर नाही.

"आत्ता मरतोय मी, यार," दिलीप म्हणायचा.

"मरू नगा. मराया अजून अकरा मिंटं हायती," कांबळे सांगायचे.

शिट्टीचं कारण त्यांनी तेव्हाच समजावलं होतं. इथे शर्ट भिजतो म्हणून कळतं की अंगातलं पाणी चाललं. तिथे घाम येतो आणि येताच उडून जातो. शर्ट कोरडा, माणूस खूश, आणि दुपारी चक्कर. म्हणून शर्टाकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं. आम्ही मान डोलावली. तेव्हा तिघांचेही शर्ट पिळून काढण्याजोगे होते. जिथे शर्ट भिजत नाही अशी जागा पृथ्वीवर आहे, हे मानायचं म्हणून आम्ही मानलं.

खाण्याची बाजू सुनंदाच्या आईने, मालूकाकूंनी उचलली. दर वर्षीच्या वाळवणात त्यांनी नवे पदार्थ घातले. शिजवलेला भात वाळवला. भोपळ्याच्या चकत्या, गाजराच्या काचऱ्या, शिजवून वाटलेली डाळ. वर्सोव्याची पार्वतीमावशी मासे विकायला पाटी घेऊन आमच्या चाळीत यायची, तिने निवडलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, दिले. गच्चीवर एका साडीवर पापड आणि दुसऱ्या साडीवर झांस्कर, असं ते दृश्य होतं. काकू दुपारी कावळे हाकायला बसत आणि विचारत, "तिथे कावळे असतात काय रे?" मला माहीत नव्हतं. तिथे कावळे असतात, पिवळ्या चोचीचे. ते नंतर कळलं.

या सगळ्या धावपळीत एक माणूस बोलत नव्हता. सुनंदाचे वडील, परबकाका. मालवणजवळच्या गावातून सोळाव्या वर्षी मुंबईला आलेले. काही वर्षं मिळेल ते काम केलं, मग बावीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणलं. संपात गिरणी बंद पडली, त्याला तीन वर्षं झाली होती. सकाळी एका गोदामावर हजेरी लिहायचं काम करत आणि दुपारी गॅलरीत बाकड्यावर बसत. त्यांच्या होकाराशिवाय सुनंदा जाणार नव्हती. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनेच ठरवलं होतं.

त्यांचा आक्षेप मुलीने परक्या माणसांबरोबर जाण्याला नव्हता. दिलीपला आणि मला ते बऱ्याच वर्षांपासून ओळखत, आणि आमच्यापासून कोणाला धोका असेल असं त्यांना कधी वाटलं नसावं. त्यांचा आक्षेप थंडीला होता.

"तुका थंडी म्हणजे काय ता म्हायत आसा?" एका संध्याकाळी ते म्हणाले. "जानेवारीत पंखो बंद केल्यार तू सांगतंस, थंडी पडली."

"म्हणून तर तयारी करतेय ना, बाबा."

"वाळूत चलान थंडीची तयारी जाता?" त्यांनी गॅलरीबाहेर बोट दाखवलं. खाली बर्फाच्या लाद्या घेऊन एक हातगाडी चालली होती, वर भुसा आणि गोणपाट. "जा, त्या कारखान्यात चार तास रवान दाखय. मगे बघूया."

ते चेष्टेत म्हणाले होते. सुनंदाने ते तसं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पार्वतीमावशी आल्यावर तिने विचारलं. मावशीचा दीर वर्सोव्याच्या धक्क्याजवळ बर्फाच्या कारखान्यात कामाला होता.

"म्हावरं ठेवतात गो तिथं, मानसं नाय," मावशी म्हणाली. मग परबकाकांकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं, आणि पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "रविवारी दुपारी ये. तवा मुकादम जेवायला घरी जातो, सांजेलाच येतो."

दरम्यान सुनंदाची बॅग तयार झाली होती. ती मी तयार केली होती. लष्कराचं जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानात पिसांची एक जुनी स्लीपिंग बॅग मिळाली. कापड विटलेलं, दोन-तीन ठिकाणी पिसं बाहेर येत होती. कांबळे कोरडं राहा म्हणाले होते. कोरडं राहायचं तर काय करायचं, हे उपनगरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही दर मे महिन्यात गॅलरीला प्लास्टिक बांधत आलो होतो. पावसाळ्यात दप्तराला, सायकलच्या सीटला, रेडिओलासुद्धा प्लास्टिक. मी मीटरवर मिळणारं निळं प्लास्टिक आणलं आणि बॅगेला बाहेरून एक थर, आतून एक थर शिवून टाकला. पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी ती बॅग होती. पाणी कुठून येणार, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्याकडे ते वरून येतं.

मेचा दुसरा रविवार. कारखान्यात अमोनियाचा वास होता आणि यंत्राची धडधड. खाऱ्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे डबे, डब्यांत गोठणाऱ्या लाद्या. मागे साठवणीची खोली. सुनंदाने कंपनीतून आणलेला तापमापक शून्याखाली सहा दाखवत होता. बाहेर डांबर मऊ झालं होतं. दोन स्वेटर, कानटोपी, मोजे घालून घामाने निथळत ती आत गेली, लाद्यांवर टाकलेल्या फळ्यांवर बॅगेत शिरली आणि मी गळ्यापाशी नाडी आवळली. परबकाका दाराबाहेर एका उलट्या पेटीवर बसले. त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून हातात घेतलं. कांबळे दर पंधरा मिनिटांनी दार उघडून हाक मारत.

"सुनंदाबाई?"

"आहे!"

पहिला तास हे ठीक चाललं. दीड तासाने "आहे" बारीक झालं. दोन तासांनी ते दोनदा हाक मारल्यावर आलं, आणि त्यात दात वाजत होते. कांबळ्यांनी विचारलं नाही. आत जाऊन बॅगेसकट तिला उचलून बाहेर आणलं.

नाडी सोडली तेव्हा आतून वाफ आली. मग दिसलं की ती भिजली होती. स्वेटर, केस, मोजे. छताखाली कोरड्या जागेत, थेंबभर पाऊस नसताना, ती पावसात सापडल्यासारखी ओली होती आणि तिचे ओठ निळे होते. दिलीप काही तरी विनोद करायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. कांबळे तिचे पाय चोळत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

सुनंदाने उन्हात उभं राहून वडिलांकडे पाहिलं. चार तासांपैकी दोन तास आठ मिनिटंच झाली होती. आता "नाही" एवढा एकच शब्द यायचा होता, आणि तिला तो मान्य करावा लागणार होता.

परबकाका उठले. त्यांनी बॅगेत कोपरापर्यंत हात घातला. पायाकडे, मधे, पुन्हा पायाकडे. हात बाहेर काढून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, सावकाश, डोळे मिटून. सूत हाताशी धरून बघतात तसं.

"ह्या प्लास्टिक कोणी लायल्यान?"

"मी," मी म्हणालो.

"तू पेपरवालो मां? मगे कापडात कित्याक हात घातलंस?"

ते पुढे बोलू लागले, आणि तीन वर्षांत त्यांना सलग इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. गिरणीत साचेखात्यात हवा मुद्दाम ओली ठेवत. पाण्याची वाफ सोडत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. खिडक्या बंद. बावीस वर्षं ते त्या ओल्यात उभे होते. हवेत किती पाणी आहे, कापडाने किती प्यायलं, हे त्यांची बोटं सांगत. माणूस झोपेतही पाणी सोडतो, ते म्हणाले. त्याला बाहेर जायला वाट पाहिजे. तू वाट बंद केलीस. पोर तिच्याच पाण्यात बुडाली.

"हेच," कांबळे म्हणाले. "हेच माझ्या बोटांचं झालं." दोघांची त्या दिवशी पहिलीच भेट होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही माझ्या बाजूने काही बोलले नाहीत.

बॅग काका घेऊन गेले. बसमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती, विजार भिजत होती. दोन दिवस घरात तो विषयच निघाला नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा गॅलरीत मच्छरदाणी बांधलेली होती आणि तिच्यात काका बसले होते. बॅग त्यांनी पूर्ण उसवली होती. पिसं मच्छरदाणीत मोकळी करून वाळवत होते. मिशीत पीस, भुवईत पीस. चाळीतली पोरं बाहेरून जाळीला नाकं लावून उभी होती.

"काका, अंडी कधी?" दिलीपने विचारलं.

"तुज्या बँकेत ठेवतलंय," आतून उत्तर आलं.

कापडासाठी ते गिरण्यांचे उरलेले तुकडे विकणाऱ्या दुकानात गेले आणि एक अख्खी दुपार तिथे घालवली. मी बरोबर होतो, पिशवी धरायला. ते तुकडा उचलत, ओठांना लावत आणि त्यातून फुंकर घालत. पलीकडे तळहात. बरेच तुकडे त्यांनी खाली ठेवले. दुकानदार वैतागला तेव्हा त्यांनी त्याला हिशेब सांगितला : फुंकर जायला हवी, पीस जाता कामा नये. शेवटी राखाडी रंगाचं, बारीक सुताचं, दाट विणीचं एक कापड निघालं. ते त्यांनी उजेडात धरलं आणि एका कडेकडे बराच वेळ बघत राहिले. "आमच्या खात्यातला आसा," ते म्हणाले. खरं असेल, नसेल. कापडावर छाप नव्हता.

अकरा दिवस शिवण चालली. मशीन शेजारच्या घरातलं. आतल्या कापडाला बाहेरचं कापड आडव्या पट्ट्यांनी जोडायचं, प्रत्येक कप्प्यात मुठीने मोजून पिसं भरायची, तीही मच्छरदाणीत बसून. कांबळे दोन संध्याकाळी भांडुपहून आले. पायाकडे जास्त पिसं घाला, एवढंच त्यांनी सुचवलं. काकांनी पायाकडचे शेवटचे दोन कप्पे उसवून पुन्हा भरले आणि बारीक टाक्याने, हाताने शिवले. त्यांनी अजून "हो" म्हटलं नव्हतं. कोणी विचारतही नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित काम थांबलं असतं.

दुसरी परीक्षा जूनच्या पहिल्या रविवारी झाली. या वेळी सुनंदाला आधी पंख्याखाली बसवलं, अंग पुसून कोरडे कपडे घालायला लावले, एकच स्वेटर दिला. कांबळ्यांच्या हाकांना ती "आहे", "आहे" म्हणत राहिली, आणि तिसऱ्या तासाला उत्तर आलंच नाही. कांबळे आत धावले. ती झोपली होती. उठवल्यावर चिडली.

चार तासांनी ती बाहेर आली. काकांनी बॅगेत कोपरापर्यंत हात घातला, अंगठा तर्जनीवर घासला. मग हात पुसायचा म्हणून रुमाल काढला, आणि पुसण्यासारखं काही नाही हे लक्षात येऊन तो परत खिशात ठेवला.

"तिकिटां काढलात?" त्यांनी मला विचारलं.

पुढचा प्रवास इथे थोडक्यात पुरे. शिंगो लाच्या अलीकडच्या मुक्कामात आमच्या श्वासाने तंबूच्या आतल्या कापडावर बर्फाचा पापुद्रा धरला. पहाटे दिलीपची आणि माझी, उसन्या आणलेल्या दोन्ही बॅगा पायाकडे दमट होत्या. सुनंदाच्या बॅगेवर बाहेरून पांढरी भुकटी होती. तिने ती हाताने झटकली, आत हात घातला आणि घडी घालायला लागली. खिंडीपलीकडे उतरल्यावर ऊन चढलं आणि कांबळ्यांची जागा आली : शर्ट भिजत नाही अशी. पाठीवर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटत. तहान लागत नव्हती. सुनंदा घड्याळ बघून ओरडायची, "प्या रे!" आणि आम्ही प्यायचो, वर्सोव्याच्या वाळूची आठवण काढत. मालूकाकूंच्या पापडांची पिशवी दोन आठवडे उघडीच होती. पापड मोडला तर कट् असा आवाज व्हायचा. पुडीतलं मीठ वाळूसारखं सुटं ओघळायचं. मोठ्या गोष्टींपेक्षा या दोन गोष्टींनी आम्हाला पटलं की आपण घरापासून फार लांब आहोत. वाटेतल्या पदुम गावातून सुनंदाने घरी पत्र टाकलं. त्यात आईसाठी दोन पानं होती. वडिलांसाठी एक ओळ : बॅग कोरडी आहे.

पत्राआधी आम्हीच पोहोचलो. ऑगस्टचा मध्य, अंधेरीत पाऊस. चाळीच्या जिन्यावर शेवाळ धरलेलं. काकूंनी ओवाळलं, पोरांनी गराडा घातला, दिलीपने खिंडीची उंची सांगण्यागणिक पाचशे फुटांनी वाढवली. काकांनी डोंगराबद्दल काहीही विचारलं नाही. त्यांनी पाठपिशवीतून बॅग काढली, मोकळी केली, हात घातला.

त्यांनी बोटं घासली. पुन्हा घासली.

"ओली आसा," ते म्हणाले.

सुनंदाचा चेहरा पडला. "बाबा, खरंच नव्हती हो. तिथे एकदाही..."

"अगो, थांब." त्यांनी अंगठा तिच्यासमोर धरला, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं. "ही ओल थयची न्हय. ही हयची. दादर गेल्यावर लागली."

मग ते हसले. पावसामुळे गच्चीवर वाळवता येत नव्हती, म्हणून बॅग ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या दोरीवर राहिली. पत्र चार दिवसांनी आलं. ती एक ओळ त्यांनी वाचली आणि काकूंना म्हणाले, "माका म्हायत होता."

आज बाजारात स्लीपिंग बॅगा मिळतात. पाणी आत येऊ न देणारी आणि वाफ बाहेर सोडणारी कापडं मिळतात, त्यांना परदेशी नावं आहेत. सुनंदाच्या पुतणीकडे तशी एक आहे, वजनाला निम्मी. सुनंदा पुढे आणखी सात वेळा हिमालयात गेली, प्रत्येक वेळी हीच राखाडी बॅग घेऊन. परबकाकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कांबळ्यांनाही. उरलेल्यांत बॅगेत हात घालून बघायला मी आहे, म्हणून मार्चमध्ये मला बोलावणं येतं.

यंदाही गेलो. दुपारचं ऊन, साडीवर कुरडया, शेजारी बॅग. मी कोपरापर्यंत हात घातला. पायाकडे, मधे, पुन्हा पायाकडे. बाहेर काढून अंगठा तर्जनीवर घासला, डोळे मिटून. मला त्यातलं काहीही कळत नाही. कधीच कळलेलं नाही.

"कोरडी आहे," मी म्हणालो.

"तू पेपरवाला," सुनंदा म्हणाली, आणि तिने स्वतःचा हात आत घातला.